धोट्याला तोंड कोण लावणार? १९२८ चा गिरणी संप आणि रॅशनलायझेशनचं एक प्रकरण

मुंबईचा १९२८ चा गिरणी संप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल बावटा येतो, कम्युनिस्ट पुढारी डांगे येतात, सहा महिने थंड पडलेल्या चिमण्या येतात आणि गिरणी कामगार युनियनचा जन्म येतो. ते सगळं बरोबरच आहे. पण त्या संपात एक मागणी अशी होती की जी सुरुवातीला यादीत नव्हतीच, नंतर घालावी लागली, घालणाऱ्यांनी ती नाखुशीनेच घातली, आणि मालकांसमोर गेल्यावर मालकांनी ती ज्या सहजतेने परत कामगारांच्याच पदरात टाकली ते वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. मागणी एवढीच होती की अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, काम करू द्या.

ही मागणी लावून धरली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात शिरू देत नसत आणि त्याचं कारण म्हणून एक गोष्ट सांगितली जायची, ती म्हणजे साचेवाल्याला धोट्याला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी ठोकळ्याला, तोंड लावावं लागतं. इथे तोच एक किस्सा मी सविस्तर घेतोय कारण रॅशनलायझेशन या शब्दाचे तीन अर्थ आहेत, मानसशास्त्रातला वेगळा, कारखान्यातला वेगळा आणि समाजशास्त्रातला वेगळा, आणि १९२८ च्या गिरणगावात हे तिन्ही एकाच छपराखाली सापडतात. पुस्तकात ते तीन प्रकरणांत वाचले की एकमेकांशी संबंध लागत नाही, इथे लागतो.

आधी संप कशावरून झाला ते

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ पैसा केला आणि नंतर तेजी ओसरली. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, कामगारांनी मोठा संप केला, शेवटी सरकारने देशी कापडावरची साडेतीन टक्के अबकारी जकात उठवली आणि कपात मागे घेतली गेली. म्हणजे मजुरी थेट कापायचा रस्ता बंद झाला. दुसरीकडे जपानी कापड स्वस्तात येतच होतं. मग दुसरा रस्ता निघाला, तो म्हणजे तेवढ्याच माणसांकडून जास्त मशीन चालवून घ्यायची. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाच्या अहवालानेही मुंबईच्या कार्यक्षमतेवर बोट ठेवलं, त्याच वर्षी जिनिव्हाच्या जागतिक आर्थिक परिषदेने उद्योगांच्या रॅशनलायझेशनची शिफारस करणारा ठराव केला, म्हणजे शब्दाला आंतरराष्ट्रीय इभ्रतही मिळाली. वाया जाणारे श्रम कमी करा, काम मोजा, पद्धत ठरवून द्या, असा तो सगळा विचार.

मुंबईत ससून ग्रुपच्या गिरण्यांनी हे आधी सुरू केलं. विणणाऱ्याने दोन साच्यांऐवजी (साचा म्हणजे माग) तीन साचे सांभाळायचे आणि कताईत सायडरने, म्हणजे कताईच्या मशीनची बाजू सांभाळणाऱ्या कामगाराने, एकाऐवजी दोन बाजू बघायच्या. कागदावर हे फार सुंदर दिसतं. जो कामावर राहणार त्याला थोडे जास्त पैसे, मालकाचा खर्च कमी, कापड स्वस्त. फक्त तिसरा साचा ज्याच्या हातून गेला तो माणूस गणितात कुठेच नसतो, तो सकाळी गेटवर बदली म्हणून उभा राहतो आणि जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, त्याच्याकडे बघून पुढे जातो. शिवाय मशीन जुनी असेल, सूत कच्चं असेल, धागा सारखा तुटत असेल तर तीन साचे म्हणजे काय हाल होत असतील याची कल्पना कोणीही करू शकतो.

एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि बघता बघता जवळपास दीड लाख कामगार बाहेर आले. ना. म. जोशींसारखे मवाळ आणि डांगे, आळवे, मिरजकर, निंबकर ही मंडळी एका संयुक्त संप समितीत आली. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत गिरण्या बंद होत्या, दोन कोटींहून जास्त कामाचे दिवस बुडाले. नंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली.

आता या सगळ्यात अस्पृश्य कामगार कुठे होता? तोही संपात होता, त्याच्याही घरी चूल थंड होती. फरक एवढाच की ज्या तीन साच्यांविरुद्ध तो उपाशी राहून लढत होता त्यातल्या एकाही साच्यावर त्याला उभं राहायची परवानगी नव्हती. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना नेमकं हेच सांगितलं, की साचेखातं आमच्या लोकांना खुलं करण्याची मागणी तुम्ही घेणार नसाल तर आमच्या लोकांनी संपात राहू नये असं मी त्यांना सांगेन. तेव्हा कुठे ती मागणी यादीत आली. आणि मालकांचं उत्तर काय, तर हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही. आम्ही कोणाला अडवलेलं नाही, तुमचेच लोक अडवतात.

हे उत्तर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं झोंबतं.

धोटा

आता तोंडाची गोष्ट, कारण ती नीट समजली नाही तर पुढचं कळणार नाही. मागावर उभे ताणलेले धागे असतात, त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता, टोकांना धातू बसवलेला लाकडी ठोकळा, मधे पोकळ, त्या पोकळीत आडव्या सुताची कांडी बसवलेली. कांडीवरचं सूत संपलं की माग थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची, आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूला असलेल्या एका छोट्याशा भोकातून बाहेर काढायचं. हे शेवटचं काम बोटांनी करायला गेलं तर वेळ जातो. म्हणून विणणारा बाहेरच्या बाजूने भोकाला ओठ लावून जोरात श्वास आत ओढायचा, धागा सुटकन बाहेर यायचा, सोबत तोंडात सुताची धूळ आणि तेलही यायचं. एक सेकंदाचं काम. दिवसातून असंख्य वेळा. मजुरी कापडाच्या हिशोबाने, म्हणजे माग जेवढा वेळ थांबेल तेवढं आपलंच नुकसान, त्यामुळे ओठ लावणं हा सगळ्यात फायद्याचा मार्ग होता.

साचे एकाच माणसाकडे कायम राहत नाहीत. आज एक आहे, उद्या तो गावी गेला की बदली येतो, आणि धोटा तोच. म्हणजे एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. इथे स्पृश्य कामगाराची हरकत उभी राहायची, की महाराने तोंड लावलेल्या धोट्याला मी तोंड कसं लावू?

ऐकायला कारण ठोस वाटतं. तोंड खरंच लावलं जायचं. १९२८ च्या गिरणगावात उष्ट्याची किळस आणि विटाळाची भीती दोन्ही खऱ्या होत्या, त्या कोणी नाटक म्हणून उभ्या केलेल्या नव्हत्या. मग याला रॅशनलायझेशन का म्हणायचं?

अर्नेस्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९०८ मध्ये साल्झबर्गच्या परिषदेत हा शब्द मानसशास्त्रात आणला. त्याचा मुद्दा असा की माणूस एखादी गोष्ट एका हेतूने करतो, तो हेतू त्याला स्वतःलाच मान्य करायचा नसतो किंवा दिसतच नसतो, मग तो दुसरं एक पटण्यासारखं कारण पुढे करतो आणि त्यावर मनापासून विश्वास ठेवतो. थापा मारणारा माणूस आणि हा माणूस यात फरक आहे. थापा मारणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं.

म्हणून अशा वेळी सांगितलेलं कारण खरं आहे का, हे तपासून भागत नाही. मी दुसरा प्रश्न विचारतो, की ते कारण नाहीसं करायचा प्रयत्न कोणी केला का? तोंड लावणं हीच अडचण असेल तर तोंड न लावता धागा ओवता येतो का हे कोणीतरी बघितलं असतं ना. आणि बघणं अजिबात अवघड नव्हतं, कारण जगात इतरत्र ते बघून झालं होतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये याच प्रकाराला किस ऑफ डेथ म्हणायचे. तिथे भीती क्षयरोगाची होती, एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागतात म्हणजे रोग पसरणार. १९११ मध्ये त्या राज्याने ओढून धागा काढायचे धोटे कायद्याने बंद केले. त्याच्या कितीतरी आधी, १८९० च्या दशकात, तिथल्याच ड्रेपर कंपनीचा नॉर्थ्रॉप माग बाजारात आला होता ज्यात कांडी आपोआप बदलायची आणि धोट्यात धागाही आपोआप ओवला जायचा. इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये मात्र तोंड लावणं पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं, तिथे तुकड्यावर मजुरी घेणारे विणकर आणि मालक दोघांनाही वेग प्यारा होता, बंदी आली ती १९५२ मध्ये.

म्हणजे क्रिया तीच, ओठ तेच, भोक तेच. एका ठिकाणी ती तब्येतीची गोष्ट झाली आणि धोटा बदलला. दुसऱ्या ठिकाणी ती वेगाची गोष्ट राहिली आणि काहीच बदललं नाही. मुंबईत ती जातीची गोष्ट झाली, आणि धोटा जागेवर ठेवून माणूस बाहेर ठेवला गेला. नॉर्थ्रॉप माग महाग होते हे मान्य, मुंबईच्या मालकांना ते परवडत नव्हते हेही मान्य. पण हाताने ओवायचे धोटे होते, एखादा वाकडा तारेचा आकडा वापरून धागा ओढता आला असता, प्रत्येक साचेवाल्याला स्वतःचा धोटा देता आला असता. ज्या माणसांनी एका कामगाराने किती साचे चालवावेत याचा इतका बारीक हिशोब मांडला, त्यांच्या हिशोबात धोट्याचं हे भोक कधी आलंच नाही.

कारणाचे टाके उसवणं अजून संपलेलं नाही. कांडीवर जे सूत गुंडाळलेलं असायचं ते कुठून यायचं? कताईच्या रिंग खात्यातून. आणि रिंग खात्यात कोण होतं? मोठ्या संख्येने महार कामगार, कारण त्यांना तिथेच घेतलं जायचं. ज्या धाग्याला स्पृश्य साचेवाला ओठ लावून आत ओढत होता तो धागा आधी त्यांच्याच हातांखालून आलेला होता. ते चालत होतं.

तिसरी गोष्ट आंबेडकरांनीच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बोलून दाखवली. मुंबईच्या आणि अहमदाबादच्या दोन्हीकडच्या गिरण्यांत विणखातं अस्पृश्यांना बंद आहे, त्यांना सगळ्यात कमी पगाराच्या कताई खात्यातच काम मिळतं, आणि स्पृश्य हिंदू कामगाराला मुसलमानाबरोबर काम करायला हरकत नाही, अस्पृश्याबरोबर आहे. मुंबईच्या साचेखात्यात मदनपुऱ्याकडचे जुलाहे मुसलमान पिढीजात विणकर म्हणून होतेच. सोवळ्याच्या जुन्या नियमाने बघितलं तर त्यांचं उष्टंही हिंदूला चाललं नसतं. इथे मात्र चाललं. म्हणजे नियम जिथे सोडायचा तिथे सोडता येत होता.

वेबर काय म्हणाला असता

समाजशास्त्रात रॅशनलायझेशन म्हटलं की मॅक्स वेबर. आधुनिक समाज हळूहळू मोजमाप, नियम, हिशोब, कार्यालय यांच्या आधाराने चालायला लागतो, रूढी आणि मंत्रतंत्र मागे पडतात, अशी त्याची मांडणी. फार कमी लोकांना माहीत असतं की वेबर स्वतः विणकामाच्या गिरणीत बसून हिशोब करत होता. १९०८ च्या सुमारास त्याने जर्मनीत ओर्लिंगहाउझेनला आपल्या नातेवाइकांच्या लिननच्या गिरणीत कामगारांच्या उत्पादनाच्या नोंदी तपासल्या, कोणाचं काम कोणत्या वारी वाढतं, कधी पडतं, का पडतं. गंमत अशी की जोन्सचा साल्झबर्गचा निबंध आणि वेबरची ही गिरणीतली मोजणी जवळपास एकाच वर्षातली.

भारतावर लिहिताना वेबर म्हणाला की जिथे धंदा बदलणं, तंत्र बदलणं म्हणजे धार्मिक दर्जा गमावण्याचा धोका, तिथे आतून आधुनिक भांडवलशाही जन्माला येणार नाही. पण त्यानेच हेही टिपून ठेवलं की कारखान्यात एकत्र काम करण्याआड जात तितकी येत नाही, कारण कारागिराचा हात कामात असताना शुद्धच असतो असा नियम परंपरेत आहे. तो नियम आपल्याकडचा, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला, नित्यं शुद्धः कारुहस्तः. म्हणजे ज्या ग्रंथाने विटाळाचं एवढं मोठं शास्त्र उभं केलं त्यानेच व्यवहारासाठी एक खिडकी उघडी ठेवली होती. गरज असली की शास्त्र मदतीला धावतं. गिरणगावात ही खिडकी रिंग खात्यापर्यंत उघडली, साचेखात्याच्या दारात बंद झाली.

मला इथे वेबर थोडा अपुरा वाटतो. हिशोब वाढला की रूढी मागे हटते असं त्याच्या वाचकांना वाटायला लागतं. १९२८ ची मुंबई दाखवते की हिशोब आणि रूढी एकाच गिरणीत छान नांदू शकतात, मालक साचे मोजतो, जॉबर जात मोजतो, आणि दोघांचं एकमेकांवाचून अडतं. कामगार आणायचं, टिकवायचं, शिस्तीत ठेवायचं काम जॉबरकडे, तो आपल्या गावकीतून, भाऊबंदांतून माणसं आणणार, रत्नागिरीचा रत्नागिरीचे आणणार. मालकाला हे सोयीचं. त्यामुळे आम्ही कोणाला अडवलेलं नाही असं तो शांतपणे म्हणू शकतो, भरतीच त्याच्या हातात नाही ना.

पैशाची बाजू

आता ज्यावर सगळ्यांनी चादर घातली होती ते काढून बघू. साचेवाल्याची कमाई कताईतल्या कामगारापेक्षा कितीतरी जास्त होती. साचेखातं हे गिरणीतलं मानाचं आणि पैशाचं खातं, तिथे शिरणं म्हणजे चाळीत इज्जत, गावाकडे जास्त मनीऑर्डर. त्या खात्याला कुंपण असलं की आतल्यांचा भाव टिकतो. आणि रॅशनलायझेशनने साच्यामागची माणसं कमी व्हायला लागली की कुंपणाची गरज आणखी वाढते, बाहेर आपलेच बदली उभे असताना नवीन उमेदवार कशाला? तीन साच्यांची योजना आणि धोट्याचा विटाळ या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात पण एका जागी एक नोकरी कमी झाली की दुसरी गोष्ट आपोआप घट्ट होते.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरने १९५७ मध्ये मांडलं की भेदभाव मालकाला महाग पडतो, कारण तो लायक आणि स्वस्त मजूर नाकारतो, त्यामुळे स्पर्धेत असा मालक मागे पडायला हवा. मग जपानशी जीव खाऊन स्पर्धा करणाऱ्या मुंबईच्या मालकाने अस्पृश्य कामगाराला साच्यावर का नाही घेतलं? उत्तर बेकरच्याच मांडणीत आहे, की भेदभाव सहकाऱ्यांचा असेल तर मालकाला तो मोडण्याचा खर्च येतो. एक महार साचेवाला घेतला आणि सगळं खातं बाहेर पडलं तर? जॉर्ज अकेरलॉफ या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये जातीवरच लिहिताना याच्या पुढचं सांगितलं. नियम मोडणाऱ्यालाच जर बाहेर टाकलं जाणार असेल तर नियम कोणालाही मनातून पटत नसला तरी टिकतो. जो साचेवाला म्हणेल की येऊ दे रे त्याला, काय बिघडतं, त्याच्या चाळीतल्या खोलीचं, पोरीच्या लग्नाचं, गावच्या पंगतीचं काय? मला वाटतं असे साचेवाले असणार. त्यांचं बोलणं कुठल्याही समितीच्या कागदात आलेलं नाही.

आणि युनियन

मालकांबद्दल लिहिणं सोपं असतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते युनियनचं वागणं, कारण तिथे चांगली माणसं होती, जीव तोडून लढणारी, पुढच्याच मार्चमध्ये यातले कित्येक जण कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात तुरुंगात गेले. त्यांना जात मान्य नव्हती, ते मनापासून वर्ग मानत होते. आणि तरीही साचेखात्याची मागणी त्यांच्या यादीत स्वतःहून आली नाही. साचेवाले हा संपाचा कणा होता, तीन साच्यांचा घाव त्यांच्यावर होता, त्यांना दुखवलं तर संप फुटणार ही भीती होती. एकजूट टिकली पाहिजे, हे कारण पुढे आलं. पुन्हा तेच, कारण खरं होतं, एकजूट टिकायलाच हवी होती. फक्त एकजुटीची किंमत प्रत्येक वेळी त्याच माणसाने द्यायची असा हिशोब त्यात गुपचूप बसलेला होता, आणि तो हिशोब कोणी मुद्दाम बसवलेला नव्हता म्हणूनच कोणाला दिसत नव्हता. जात म्हणजे श्रमाची विभागणी आहे असं म्हणणाऱ्यांना आंबेडकरांनी १९३६ मध्ये उत्तर दिलं की ही श्रमिकांची विभागणी आहे, ते त्यांनी ग्रंथालयात बसून शोधलेलं वाक्य नव्हतं, परळच्या चाळीत राहून आणि दामोदर हॉलच्या ऑफिसात येणाऱ्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी ऐकून हे त्यांना रोज दिसत होतं.

माणूस आपल्या कृतीची कारणं सांगतो तेव्हा तो आत डोकावून बघत नसतो, तर काय शोभेल याचा अंदाज बांधत असतो, असं मानसशास्त्रात आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ मध्ये एक साधा प्रयोग सांगितला, दुकानात नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या मांडल्या, चारही अगदी सारख्या, आणि लोकांना त्यातली चांगली निवडायला सांगितली. लोकांनी सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडच्या जोडीपेक्षा जवळपास चौपट वेळा निवडली आणि कारण म्हणून विणीचा, पोताचा दर्जा सांगितला. जागेमुळे निवडली असेल का असं विचारल्यावर त्यांनी ते साफ नाकारलं. यात कोणी खोटं बोलत नव्हतं. म्हणून मला साचेवाल्याला ढोंगी म्हणणं पटत नाही. त्याला विचारलं असतं की तू पगारासाठी अडवतोस का, तर तो भडकला असता आणि त्याचा राग खरा असता.

आपल्याच काळातलं एक उदाहरण याच्याशी जुळतं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा २००७ मधला अभ्यास आहे, दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांच्या मुलाखतींवर. जवळपास सगळे म्हणाले आम्ही फक्त मेरिट बघतो, जातीचा विचारही करत नाही. आणि त्यांच्यातले बहुतेक जण उमेदवाराला फॅमिली बॅकग्राउंड विचारत होते. वडील काय करतात, घरचं वातावरण कसं आहे. त्यांच्या मते त्यावरून माणूस कळतो. याच्या जोडीला सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी त्याच वर्षी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावं वेगळी असलेले अर्ज पाठवून बघितले, तेव्हा दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश निघाली. म्हणजे मुलाखतीला बसायच्या आधीच.

पुढे काय झालं

संप मिटला, समिती बसली, साचेखातं काही उघडलं नाही. एप्रिल १९२९ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला तेव्हा आंबेडकरांनी त्याला उघड विरोध केला, अस्पृश्य कामगारांनी कामावर जावं असं सांगितलं. कम्युनिस्ट त्यांना संपफोडे म्हणाले. मला तरी यात फोडण्यासारखं आधी काय जोडलेलं होतं हा प्रश्न पडतो, पण हेही खरं की आदल्या वर्षीच्या उपासमारीनंतर कर्जात बुडालेल्या माणसाला दुसरा संप झेपणारच नव्हता, आणि तो फक्त अस्पृश्य कामगारालाच झेपत नव्हता असं नाही.

नऊ वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक तंट्याच्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. तेवढं तरी जमलं. पण त्याच वर्षी मनमाडला त्यांनी विणखात्याची जी तक्रार मांडली ती वर्तमानकाळातली होती, आठवण म्हणून सांगितलेली नव्हती. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचीही गोष्ट सांगितली. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा मजूर, होतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामंही करावी लागतात आणि मास्तर स्पृश्य हिंदू असला की अस्पृश्य त्याला घरात चालत नाही. पोर्टरने साहेबाच्या घरी पाणी भरावं हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, आणि ते बंद करा म्हणजे अडचण संपेल असं म्हणायला त्या खात्यातलाही कोणी पुढे आला नाही.